‘१५ दिवसांत घर खाली करा’ म्हणतात, आधी किरायानामा उघडा

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाड्यात वरच्या मजल्यावर किरायानं राहतो. मी धंतोलीत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे, मिस्टर बुटीबोरीला कंपनीत. घरमालक काका-काकू खालीच राहतात. नोव्हेंबरपासून ११ महिन्यांचा करार आहे, ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला. वर ‘किरायानामा’ लिहिलं आहे. किराया १४,००० आणि डिपॉझिट ५०,०००. किराया अर्धा बँकेतून आणि अर्धा रोख देतो, काकांनीच तसं सांगितलं होतं. आता ते म्हणतात, मुलगा पुण्याहून परत येतोय, १५ दिवसांत घर खाली करा. मुलीची शाळा आताच उघडणार आहे. आम्ही थोडा वेळ मागितला तर दोन दिवस पाण्याची मोटर लावलीच नाही. आम्ही ड्युटीवर असताना स्वतःच्या चावीनं घर उघडून भिंती पाहून गेले. कूलरनं भिंत खराब झाली म्हणून पूर्ण घराच्या रंगाचे २२,००० डिपॉझिटमधून कापणार म्हणतात. करारात दोघांपैकी कोणालाही एक महिन्याची नोटीस असं लिहिलं आहे, रंगाबद्दल काहीच नाही. रजिस्ट्री केली नाही म्हणून आमचा करार फुकट गेला का? आम्हाला काही हक्क आहेत की नाहीत?
– एक किरायादार, मानेवाडा

उत्तर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. करार नोंदवला नाही म्हणून तुमचे हक्क गेलेले नाहीत. नोंदणी न करण्याचा तोटा कायद्यानं घरमालकावर टाकला आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याआधी विदर्भात १९४९ चा सी.पी. अँड बेरारचा घरभाडे आदेश चालायचा. महाल-इतवारीतली जुनी माणसं अजून ‘रेंट कंट्रोलरची परवानगी’ म्हणतात, ते त्यातलंच. तो आदेश आता राहिला नाही, म्हणून त्याच्या आधारानं कोणी सल्ला दिला तर तो बाजूला ठेवा.

या १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार घर किरायानं दिलं असो की लीव्ह अँड लायसन्सवर, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्यानं ती पाळली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या कामाचा भाग मात्र पुढे आहे. नोंदवलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल किरायादाराचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर घरमालक वेगळं काही सिद्ध करत नाही. पुराव्याचं ओझं काकांवर आहे.

‘११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे नागपुरात इतक्या वेळा ऐकू येतं की लोकांना तो कायदाच वाटतो. त्याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं त्या कायद्यानं सक्तीचं केलं, म्हणून लोक एक महिना कमी लिहू लागले. महाराष्ट्राच्या कलम ५५ मध्ये मुदतीची अशी सूट नाही. आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीच्या शिक्क्यानं सह्या कोणाच्या आणि कधीच्या एवढं कळतं, दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला जात नाही.

आता तुम्ही कायद्याच्या भाषेत कोण आहात ते बघा, कारण किरायानं घर देण्याचे दोन रस्ते आहेत. लीव्ह अँड लायसन्समध्ये फक्त ठरलेल्या मुदतीपुरतं राहायची परवानगी मिळते. मुदत संपली आणि माणूस हलला नाही तर घरमालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो. तिथे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाहीतर आदेश विरोधात जातो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्क लागू शकतं. तुमच्या हिशेबानं महिन्याला २८,०००. दुसरा रस्ता भाडेकरूचा. त्याला जास्त संरक्षण आहे. किरायाची थकबाकी (कलम १५) किंवा कलम १६ मधल्या कारणांपैकी एखादं न्यायालयात सिद्ध झालं तरच त्याला काढता येतं.

तुमच्या कागदावर ‘किरायानामा’ लिहिलं आहे आणि तो नोंदवलेला नाही, त्यामुळे आम्ही भाडेकरू आहोत असं म्हणायला तुम्हाला जागा आहे. पण नुसत्या मथळ्यावर निकाल लागत नाही. आत ‘परवानगी’, ‘लायसन्स’, ‘लायसन्स फी’ असे शब्द आहेत, की ‘भाडेकरू’ आणि ‘भाडं’? ताबा तुमच्याकडे दिला असं लिहिलं आहे का? आज रात्री पूर्ण करार वाचा, प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि या शब्दांखाली रेघ मारा. वकिलाकडे गेलात तर पहिला प्रश्न हाच येईल.

१५ दिवस आले कुठून? संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये महिन्या-महिन्यानं चालणाऱ्या किरायाला १५ दिवसांची नोटीस आहे, तीच लोकांच्या तोंडी बसली आहे. पण करारात वेगळं लिहिलं असेल तर करार चालतो. तुमच्या करारात एक महिना लिहिला आहे. जिन्यात उभं राहून तोंडी सांगितलं तर ते मागाहून सिद्ध करणं कठीण. लेखी नोटीस हातात पडेल तेव्हा तारीख टाकून ठेवा, महिना त्या दिवसापासून मोजा. आणि महिना संपला म्हणजे काका सामान बाहेर काढू शकतात असंही नाही. तुम्ही स्वतःहून गेला नाहीत तर त्यांना वर सांगितलेल्या दोनपैकी एका रस्त्यानं आदेश आणावा लागेल.

मुलासाठी घर हवं हे कारण कायद्यात नक्की आहे. कलम १६ मध्ये घरमालकाची खरी आणि वाजवी गरज हा आधार आहे. पण तुम्ही भाडेकरू ठरलात तर त्यासाठी दावा लागतो, आणि त्यात न्यायालय दोन्हीकडचा त्रास तोलून पाहतं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. मुलीची शाळा सुरू होतानाच घर हलवायला लागणं हा त्या तोलण्यातला खरा मुद्दा आहे. शाळेची फी पावती आणि प्रवेशाचा कागद जपून ठेवा.

तरीही आमचं मत स्पष्ट सांगतो. काकांची गरज खरी दिसत असेल तर हे भांडण वर्षभर ओढू नका. खाली मालक आणि वर किरायादार, रोज एकाच जिन्यावर गाठ पडते. कायदा तुमच्या बाजूनं असला तरी त्या घरात लहान मुलीला घेऊन तणावात राहणं सोपं नाही. सप्टेंबरअखेर करार तसाही संपतो. कायद्याचं बळ वापरून वाजवी तारीख, पूर्ण डिपॉझिट आणि लेखी हिशेब मिळवा. निघायचं ते घाबरून नाही, हे सगळं हातात घेऊन.

मोटरचं मात्र लगेच बघा. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास-नालीची सोय या अत्यावश्यक सेवा आहेत. कलम २९ नुसार घरमालकाला पुरेशा कारणाशिवाय त्या तोडता येत नाहीत किंवा अडवता येत नाहीत. मोटर मुद्दाम न लावणं हे अडवण्यातच येतं. भाडेकरू न्यायालयात अर्ज करू शकतो आणि सेवा सुरू करण्याचा अंतरिम आदेशही मागू शकतो. दोषी ठरल्यास घरमालकाला कैद किंवा दंडही होऊ शकतो. हे कलम ‘भाडेकरू’ हा शब्द वापरतं, म्हणून तुमचा कागद लायसन्सचा ठरला तर वकील दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागतील. दोन्ही रस्त्यांना लागतो तो पुरावा. पुन्हा पाणी बंद झालं तर नळ उघडून त्याच वेळी व्हिडिओ काढा, वरची टाकी रिकामी असल्याचा फोटो घ्या, आणि काकांना मेसेज करा: ‘आज सकाळी ७ पासून वर पाणी नाही, कृपया मोटर लावा.’ उत्तर आलं नाही तरी मेसेज राहतो. खाली पाणी आहे आणि वर नाही हे दिसलं तर ‘ऑरेंज सिटी वॉटरचा, म्हणजे शहराच्या पाणी कंपनीचा, पुरवठाच बंद होता’ ही सबब टिकत नाही.

चावीबद्दल. घर पाहायचा हक्क घरमालकाला आहे, पण कलम २८ म्हणतं, आधी कळवून आणि वाजवी वेळी. हे कलम भाडेकरू आणि लायसन्सी (लायसन्सवर राहणारा) दोघांनाही लागू आहे. तेव्हा नकार देऊ नका, वेळ द्या: ‘रविवारी सकाळी ११ ला आम्ही घरी आहोत, या आणि पाहा.’ दाराच्या लॅचचा आतला भाग बदलून घ्या, जुना भाग डब्यात घालून ठेवा आणि घर सोडताना परत बसवून द्या. बदलल्याचंही मेसेजनं कळवा. लपवून केलेल्या गोष्टीचा उद्या तुमच्यावरच आरोप होतो. कधी तुम्ही बाहेर असताना कुलूप लावून तुम्हाला घरात जाऊ दिलं नाही, किंवा सामान बाहेर ठेवलं, तर लगेच ११२ वर फोन करा आणि ठाण्यात लेखी तक्रार द्या. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं ऐकायला मिळेल. किराया किती आणि कोणाचा हा वाद दिवाणी आहे, रस्ता अडवणं आणि घरात शिरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ आणि ३२९ मध्ये येऊ शकतं. अर्जात हे दोन आकडे लिहा आणि पोच घ्या.

डिपॉझिटवर थोडं सविस्तर बोलू, कारण नागपुरात उन्हाळा संपताना सर्वात जास्त भांडणं कूलरच्या भिंतीवरून होतात.

आधी मोबाइलवर फिरणाऱ्या त्या मेसेजबद्दल, की आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. तो २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्यातला मुद्दा आहे. तो नमुना आहे. राज्यानं स्वीकारला तरच लागू होतो, आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. म्हणून डिपॉझिट किती आणि त्यातून काय कापायचं, हे आपल्याकडे करारावरच ठरतं. तुमच्या करारात रंगाचं काहीच नाही, म्हणजे रंगाचे पैसे कापण्याची परवानगीही नाही. संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूनं घर जसं घेतलं तसं परत करायचं असतं, पण रोजच्या वापरानं होणारी झीज सोडून. रंग फिका पडणं, बटणाभोवती हात लागून काळं होणं, कॅलेंडरच्या खिळ्याची भोकं, ही झीज आहे. भिंतीची छपाई (प्लास्टर) फुगणं ही झीज नाही. ते नुकसान तुमच्या कूलरनं झालं असेल तर त्याचे पैसे तुम्ही द्यायलाच हवेत. प्रश्न आहे किती भिंतीचे.

खिडकीत बसवलेल्या कूलरचं पाणी दोन जागांनी जातं. ट्रेची कड गंजून पाझरते, नाहीतर पॅडवरून पाणी जास्त सुटून खिडकीच्या चौकटीवर शिंतोडे उडतात. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी वाळलं की भिंतीवर पांढरी पूड उरते, मग रंगाचे पोपडे निघतात आणि शेवटी छपाई भुसभुशीत होते. अशी ओल खिडकीच्या खालच्या कडेपासून सुरू होऊन खाली पसरते. छताच्या कोपऱ्यातून उतरणारी ओल स्लॅबची असते. संडास-बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत जमिनीपासून वर चढणारी ओल नळाच्या लाइनची असते. या दोन्हींचा तुमच्या कूलरशी संबंध नाही. पडताळायला सोपं आहे. कूलर ८-१० दिवस पूर्ण बंद ठेवा आणि ट्रे रिकामा करा. डाग हाताला कोरडा लागायला लागला तर तो कूलरचा. तसाच ओला राहिला तर पाणी दुसरीकडून येतंय, आणि ती दुरुस्ती घरमालकाची.

मग टेप लावून मोजा. समजा डाग ४ फूट रुंद आणि ३ फूट उंच आहे, म्हणजे १२ चौरस फूट. तेवढाच रंगवला तर शेड वेगळी दिसते हे पेंटरही सांगेल, म्हणून ती एक भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवून देणं वाजवी आहे. १० फूट लांब आणि १० फूट उंच भिंत असेल तर १०० चौरस फूट, त्यात डागापुरती छपाई आणि पुट्टी. दोन पेंटरांकडून याच कामाचा लेखी अंदाज घ्या: खरवडणं, छपाई, पुट्टी, रंग, मजुरी, प्रत्येकाचा वेगळा आकडा. पूर्ण घराचे २२,००० आणि एका भिंतीचा हा कागद समोरासमोर ठेवला की बोलणं आपोआप भिंतीवर येतं. घराला शेवटचा रंग कधी दिला तेही विचारा. तुम्ही राहायला यायच्या आधीच रंग जुना झालेला असेल तर नव्या रंगाचं सगळं बिल तुमच्याकडून घेण्याला आधार नाही. आणि नोव्हेंबरमध्ये सामान लावताना काढलेले फोटो शोधा. मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोत मागची भिंत दिसते आहे का पाहा, बऱ्याचदा तोच पुरावा निघतो.

रोख दिलेला किराया ही तुमच्या बाजूची कच्ची कडी आहे. कलम ३१ नुसार पैसे घेताना लेखी पावती देणं घरमालकाचं कर्तव्य आहे. आतापर्यंत पावत्या घेतल्या नसतील तर आज मेसेज टाका: ‘नोव्हेंबर ते मे, दरमहा ७,००० बँकेतून आणि ७,००० रोख असा पूर्ण किराया दिला आहे, कृपया खात्री करा.’ आक्षेप नाही आला तर तुमच्याकडे काहीतरी राहिलं. पुढचा प्रत्येक किराया पूर्ण १४,००० बँकेतून किंवा यूपीआयनं, शेऱ्यात महिना लिहून. घेतला नाही तर चेक स्पीड पोस्टनं पाठवा आणि परत आलेलं पाकीट न फोडता ठेवा.

किराया थांबवू नका. राग आला म्हणून, किंवा ‘डिपॉझिटमधून वळते करून घ्या’ म्हणून, दोन महिने न देणं ही किरायादारांची सर्वात महाग पडणारी चूक आहे. तशी वळती करायची असेल तर काकांचा लेखी होकार हवा. नाहीतर तुम्ही थकबाकीदार ठरता आणि त्यांच्या हातात नसलेलं कारण तुम्हीच त्यांना देता. तीच गोष्ट चावीची. ‘डिपॉझिट मिळेपर्यंत चावी देणार नाही’ असं म्हणून मुदतीनंतर घर अडवून ठेवलं तर दुप्पट शुल्काचा धोका तुमच्यावर येतो. चावी आणि पैसे एकाच बैठकीत. ते ऐकत नसतील तर दोन साक्षीदारांसमोर चावी द्या, पोच घ्या, पोचही देत नसतील तर व्हिडिओ काढून मेसेज करा आणि डिपॉझिटसाठी नोटीस पाठवा. पैसे मागायच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे, घाईत चूक करायची गरज नाही.

आता हा मेसेज पाठवा, तारखा तुमच्या टाका. भाषा आदराची ठेवा, न्यायालयात वाचला गेला तरी तुमच्या बाजूनं बोलेल असा:

‘काका, नमस्कार. मुलासाठी घर हवं आहे हे आम्ही समजतो. किरायानाम्यात एक महिन्याची नोटीस आहे, ती कृपया लेखी द्यावी. मुलीची शाळा सुरू होत असल्यानं आम्हाला ३१ ऑगस्टपर्यंत वेळ हवा आहे, तोपर्यंतचा किराया दरमहा बँकेतून देऊ. घर सोडायच्या आठ दिवस आधी आपण दोघं मिळून घर पाहू आणि कूलरच्या भिंतीच्या कामाचा हिशेब लेखी करू. बाकी डिपॉझिट चावी देतानाच बँकेतून मिळावं. पाणी नियमित सुरू राहावं आणि घर पाहायला येण्याआधी कळवावं, ही विनंती.’

ते तयार झाले तर तेच एका कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्या: सोडायची तारीख, कापायची रक्कम, परत करायची रक्कम. निघायच्या दिवशी महावितरणच्या मीटरचा रीडिंगसह फोटो घ्या. सब-मीटर असेल तर दोन्ही मीटरचे. खालचं आणि वरचं घर एकाच मीटरवर असेल तर विजेचं बिल पूर्ण युनिटवर स्लॅबनं लागतं, १०० पर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत चढा. दोन घरांचे युनिट एकत्र आले की वरच्या स्लॅबचा दर लागतो, आणि तुमच्या सब-मीटरवर काकांनी त्याच चढ्या दरानं पैसे लावले असतील तर मूळ बिल मागा आणि दोघांमध्ये युनिटच्या प्रमाणात वाटा.

ते तयार झाले नाहीत तर नागपूर जिल्हा न्यायालयाच्या आवारात, सिव्हिल लाइन्समध्ये, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज तुमच्या नावानं करा, मिस्टरांच्या नावानं नाही. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवायलाही तिथे सांगता येतं. दोघांची तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, आणि तुमच्यासारख्या डिपॉझिटच्या वादाला आम्हाला हाच रस्ता सर्वात बरा वाटतो. जाताना करार, बँकेचा खातेउतारा, मेसेजचे प्रिंट, भिंतीचे फोटो, पेंटरचे दोन अंदाज आणि आधार कार्ड सोबत न्या.

पुढचं घर घेताना लीव्ह अँड लायसन्सची ऑनलाइन नोंदणी करून घ्या. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मजकूर भरायचा, पैसे ऑनलाइन भरायचे, आणि आधारच्या आधारे दोन्ही पक्षांचा फोटो आणि अंगठा घरीच घेतला जातो. निबंधकाच्या कार्यालयात जावं लागत नाही. खर्चाची भीती खोटी आहे. तुमच्याच आकड्यांनी पाहा: ११ महिन्यांचा किराया १,५४,०००. परत मिळणाऱ्या ५०,००० डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ११ महिन्यांचं ४,५८३. बेरीज १,५८,५८३. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे ४०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० आणि वर थोडं हाताळणी शुल्क. आता नोटरीच्या कागदावर तुम्ही ५०० चा स्टॅम्प लावलाच होता. लायसन्सच्या दरानं पाहिलं तर मुद्रांक कमी पडला नव्हता, पडली नव्हती ती फक्त नोंद.

करारात अटी लिहिताना एजंटचा तयार मजकूर तसाच मान्य करू नका. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी, आणि मुलीच्या शाळेमुळे निदान एप्रिलपर्यंत घर खाली करायला सांगणार नाही अशी अट मागा. किराया वाढ टक्क्यात. डिपॉझिट चावीच्या दिवशीच परत, कपात फक्त लेखी बिलावर. रंगाचे पैसे लागणार का, लागले तर किती. कूलर कोणत्या खिडकीत बसेल आणि स्टँड कोणाचा. पाण्याची मोटर दिवसातून किती वेळा लागेल. पंखे, ट्यूब, गिझर, नळ यांची यादी आणि पहिल्या दिवसाचे फोटो करारालाच जोडा. घरमालकानं पोलीस ठाण्यात किरायादाराची माहिती दिली की त्या पोचेची प्रत मागून घ्या.

आणि या घरात अजून जितके दिवस आहात तितके दिवस कूलरचा ट्रे बदलून घ्या किंवा कडेला सीलंट लावा, पंपाचा नळ थोडा आवळा म्हणजे पॅडवरून पाणी कमी सुटेल, आणि भिंतीकडे तोंड करून प्लॅस्टिकची शीट लावा. डाग आज जेवढा आहे, तेवढाच राहायला हवा.